राणीच्या ओळीवरचे नाव

क्रान्य, २९ ऑगस्ट

चिरंजीव येरनेय यास,

बोगोमिरचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे, हे प्रथम कळवावे. मागच्या पत्रात तू 'गुढगा' असे लिहिले होतेस, त्यामुळे दुखते आहे ते नेमके काय, याविषयी तुझी बहीण अल्बिना आणि मी दोन दिवस साशंक होतो. तुझ्या माश्या, तुझी शेळी आणि तुझे ते गळके छप्पर ही सर्व मंडळी सुखरूप असतील, अशी आशा करतो. अल्बिनाची प्रकृती उत्तम आहे. ती माझ्याशी फारशी बोलत नाही, याचा तिच्या प्रकृतीशी संबंध नसून त्याचे कारण पुढे येईलच. मी स्वतः ठीक आहे, म्हणजे वैद्यांच्या मते ठीक आहे.

गेल्या शनिवारी सकाळी तुझ्या फोनवर एक संदेश आला असेल. 'उपचार पूर्ण. आपल्या पोळ्यातील वरोआचे ३१२ किडे वारले.' (आकडा तुझ्याकडे वेगळा असू शकतो.) तू त्याविषयी विचारले नाहीस, यावरून तू सभ्य आहेस किंवा चष्मा हरवला आहेस, यांपैकी एक गोष्ट सिद्ध होते. तो संदेश माझा. देशातील सहा हजार मधुपालांना तो गेला आणि त्यामागील हकिकत इतरांकडून तिखटमीठ लावून कळण्यापूर्वी तुला माझ्याकडूनच शुद्ध स्वरूपात कळावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुला ठाऊकच आहे की दैनिकातून निवृत्त झाल्यावर मी घरी बसून अल्बिनाच्या सामानाच्या याद्या तपासू लागलो. तिसऱ्या आठवड्यात तिनेच मला या कंपनीची जाहिरात कापून दिली. मधुपालांसाठी फोनवरचा कार्यक्रम बनवणारी ही पाच जणांची कंपनी. पोळ्याखालचा काटा वजन सांगतो, कार्यक्रम ते तुला कळवतो, हे तू जाणतोस. त्या संदेशांची भाषा शुद्ध असावी म्हणून त्यांना एक मुद्रितशोधक हवा होता. तेथील प्रमुख नेझा ही तीस वर्षांची, हुशार, पण विरामचिन्हांच्या बाबतीत अनाथ वाढलेली मुलगी आहे. मी तेथे चौदा महिन्यांपूर्वी रुजू झालो. ही मुदत लक्षात ठेवावी, कारण पुढे अन्याय मोजताना ती लागेल.

या मंडळींचे सर्व लिखाण एका सामाईक कोठारात असते. मूळ प्रतीत थेट कोणी हात घालीत नाही. आपल्यापुरती एक फांदी फोडून घ्यायची, तीत बदल करायचा, तो का केला हे लिहायचे; मग दुसऱ्या कोणी तो वाचून मान्य केला म्हणजे फांदी मूळ खोडात सामावून घेतली जाते. जुने काहीच पुसले जात नाही. कोणी, कधी, काय बदलले, हे सारे जन्मभर राहते. ही पद्धत मला पाहताक्षणी पसंत पडली. आपल्या दैनिकातही अशीच होती. फरक इतकाच की तेथे मान्यता देणारा मी होतो. या कोठारात एक बटण आहे. ते कोणत्याही ओळीवर दाबले की ती ओळ शेवटी कोणी बदलली, त्याचे नाव तारखेसह समोर येते. मुले त्या बटणाला 'दोष' म्हणतात. मी त्याला 'श्रेय' म्हणतो. चूक सापडली की मुले ते दाबतात. मी चूक नसतानाही दाबतो.

आता विन्को देबेल्याककडे वळणे भाग आहे. हा मनुष्य दैनिकात एकतीस वर्षे माझ्या हाताखाली होता आणि त्या काळात त्याने 'आणि'च्या आधी जितके अनावश्यक स्वल्पविराम दिले, तितके तुझ्या पोळ्यांत माश्या नसतील. त्याला या कंपनीत कोणी आणले? मी. बायको गेल्यापासून तो बागेतल्या बाकावर एकटा बसलेला दिसे. मला दया आली, आणि दयेची मला एकंदरीत सवय नसल्यामुळे ती प्रमाणाबाहेर झाली. तिसऱ्याच महिन्यात नेझाने त्याला मान्यतेचा अधिकार दिला. मला तो चौदा महिन्यांनंतर आजही नाही, त्याला तीन महिन्यांत. मी विनयपूर्वक कारण विचारले. ती म्हणाली, "ह्रोवात काका, विन्को काका 'छान, फक्त एवढं बघ' असं लिहितात. तुम्ही एका स्वल्पविरामावर अकरा अभिप्राय लिहिता. पोरं रडतात." हे विधान अतिशयोक्त आहे. रडला तो एकच मुलगा, आणि त्याला आधीपासून सर्दी होती.

येथवर मी सोसले. (अल्बिना म्हणते की मी सोसले नाही, रोज जेवताना सोसत असल्याचे सांगितले.) पण मार्च महिन्यात मला कोठारात एक ओळ आढळली. पोळ्यातली राणी गेली, म्हणजे मधुपालाला जो संदेश जातो, ती ओळ. तीत लिहिले होते, 'राणी मेली'. येरनेय, मला घाम फुटला. कुत्रा मरतो, डुक्कर मरते. माणूस आणि मधमाशी मात्र वारते. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवावे लागत नाही. आमचे वडील पोळे गेले की त्याच्यासमोर टोपी काढून उभे राहत, आणि आईला येऊन हलक्या आवाजात सांगत की तिसरे घर वारले. त्या ओळीकडे पाहताना मला ते टोपी हातात धरून उभे असलेले दिसले, आणि मी ठरवले की या सबंध कार्यक्रमात माझ्या नावावर दुसरे काही नसले तरी चालेल, परंतु ही एक ओळ माझ्या नावावर असावी.

मी फांदी फोडली, शब्द बदलला आणि सोबत चार पानी समर्थन जोडले. त्यात व्युत्पत्ती होती, तीन जिल्ह्यांतील बोलींचे दाखले होते, वडिलांची टोपीही होती. मान्यतेसाठी ते विन्कोकडे गेले. एकोणीस दिवस त्याने काही केले नाही. मग एक अभिप्राय आला: 'समर्थन जरा आटोपशीर करता येईल का?' मी कळवले की येणार नाही. विसाव्या दिवशी मी बटण दाबले, तेव्हा 'राणी वारली' या ओळीसमोर नाव होते विन्को देबेल्याक. त्याने स्वतःच शब्द बदलून टाकला होता, आणि कारण म्हणून लिहिले होते: 'माश्या वारतात.' बस. दोन शब्द. त्या दोन शब्दांना पाच अंगठे मिळाले. त्यांपैकी एक माझा होता, पण तो पान सरकवताना चुकून दाबला गेला.

मी त्याला फोन केला. तो आपल्या त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "अरे, तुझी फांदी जुनी होऊन मुळाशी जुळेना. पोरांना घाई होती. शब्द तुझाच आहे रे, बोगो, सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना माहीत आहे! बटणाला माहीत नाही. अल्बिनाला मी हे सर्व सांगितले, तेव्हा ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "राणी वारली म्हणतात ना आता? झालं तर. नावाचं काय लोणचं घालायचंय?" आणि वर असेही म्हणाली, "लग्नपत्रिकेत तुमचं नाव माझ्या नावाखाली छापलं, तेव्हासुद्धा तुम्ही छापखान्यात जाऊन बसला होता." (नाव खाली असल्याबद्दल मी गेलो नव्हतो, त्यात एक वेलांटी चुकली होती.)

पाच महिने मी ती ओळ रोज सकाळी कॉफीसोबत उघडून पाहिली. दररोज तेथे तोच. मग ऑगस्टात विन्को तीन दिवस समुद्रावर, इझोलाला गेला, आणि माझ्या डोक्यात तो विचार आला, ज्याला मी त्या वेळी शुद्धीकरण म्हणत होतो. कोठारात 'मेली', 'मेला', 'मेले', 'मेल्या' हे शब्द आणखी सेहेचाळीस ओळींत होते. ते सर्व एकदम बदलण्याची सोय आहे; शोध म्हणायचे, बदल म्हणायचे, झाले. म्हणजे सेहेचाळीस ओळी माझ्या नावावर. आणि त्याच फांदीत, ओघाने, 'राणी वारली'चे मी 'राणीमाशी वारली' असे केले. कारण नुसती राणी म्हटल्यास कोणत्या देशाची, असा प्रश्न एखाद्याला पडू शकतो. तो आजवर कोणाला पडला नव्हता, हे मला मान्य आहे.

सेहेचाळीसपैकी पहिल्या नऊ ओळी मी डोळ्यांत तेल घालून वाचल्या. नऊही माश्यांविषयी होत्या. उरलेल्या वाचल्या नाहीत. होय, मी, ज्याने एकतीस वर्षे निधनवार्तासुद्धा तीनदा वाचल्या. मत्सराने मनुष्य किती घाई करतो, हे मी विन्कोच्या बाबतीत नेहमी म्हणत असे. दिवस शुक्रवार होता, आणि शुक्रवारी काही नवे सोडायचे नाही, असा या मंडळींचा कडक नियम आहे. नेझा डोंगरावर निघण्याच्या घाईत बूट बांधत होती. मी म्हणालो, माश्या काय शुक्रवारी वारायच्या थांबतात? तिने पहिल्या नऊ ओळी पाहिल्या, मान डोलावली आणि मान्य केले. त्या दुपारी मी बटण सत्तेचाळीस वेळा दाबले. सत्तेचाळीस वेळा ह्रोवात, बोगोमिर. अल्बिनाला मी बाहेर जेवायला नेले, तिने कारण विचारले आणि मी सांगितले नाही.

उरलेल्या ओळींत काय होते, ते शनिवारी सर्व देशाला कळले. ऑगस्ट म्हणजे वरोआच्या औषधाचे दिवस. माश्यांचे रक्त पिणारे ते किडे सहा हजार पोळ्यांखाली सन्मानपूर्वक वारू लागले. गांधीलमाश्या वारल्या. काट्याची बॅटरी वारली. मुंग्या वारल्या, त्याही 'दुर्दैवाने', कारण तो शब्द त्या ओळीत आधीपासून होता. कार्यालयाचा फोन सुट्टीत नेझाकडे वळवलेला असतो, तो डोंगरावर खणखणू लागला. श्कोफ्या लोका या गावच्या एका म्हाताऱ्याने नेझाला विचारले, "बाई, तीनशे बारा जण वारले म्हणता, तर मेणबत्त्या तेवढ्या लावू, का एकीत भागेल?" दुसऱ्याने मात्र थट्टा केली नाही. ज्या किड्यांनी त्याची अकरा पोळी संपवली, त्यांना वारले म्हणणाऱ्याच्या तोंडावर तो थुंकू इच्छितो, असे त्याने सांगितले, आणि येरनेय, मला तो मनुष्य फार आवडला. मग मुलांनी बटण दाबले. प्रत्येक ओळीवर, सत्तेचाळीस वेळा. त्या दिवशी त्याला 'श्रेय' म्हणण्याची माझी छाती झाली नाही.

परंतु खरा घाव पुढेच आहे. कोठारात एखादा बदल जसाच्या तसा मागे फिरवता येतो. विन्कोने इझोलाच्या वाळूत पडल्या पडल्या, ओल्या अंगठ्याने, फोनवरून माझा बदल मागे फिरवला. सर्व ओळी पूर्ववत झाल्या. मी सायंकाळी बटण दाबून पाहिले. मागे फिरवणे हाही एक बदलच असतो, आणि तो ज्याने केला त्याचे नाव लागते. सत्तेचाळीस ओळी, विन्को देबेल्याक. पूर्वी त्याच्याकडे एक होती. सोमवारी त्याच्या आगमनाप्रीत्यर्थ मुलांनी सणाला करतात ती अक्रोड भरलेली गोड पोतित्सा आणली. मलाही एक तुकडा मिळाला. तो चांगला होता, हेही मला सहन झाले नाही.

असो. शेळीस माझ्यातर्फे गूळ द्यावा. अल्बिना तुला आशीर्वाद सांगते आणि गुडघ्याला कोबीचे पान बांध म्हणते.

तुझा,
बोगोमिर ह्रोवात

ता. क. एक लहानसे काम होते. या कार्यक्रमातून कोणत्याही मधुपालाला तक्रार नोंदवता येते, आणि मधुपालाची तक्रार आली म्हणजे ती दुरुस्त करणे बंधनकारक असते. 'राणी वारली' या संदेशावरून कोणती राणी ते कळत नाही, तेथे 'राणीमाशी' हवे, अशी तक्रार तू नोंदवावीस. भाषेचे काम असल्याने ते माझ्याकडे येईल. बाकी मी पाहतो.

ता. क. २. तक्रारीचा मजकूर सोबत देतो, तो जसाच्या तसा उतरवावा: 'राणी कुठली ते कळत नाही आणी गोंधळ होतो. कृपया दुरूस्ती करावी.' यात 'आणी' आणि 'दुरूस्ती' या दोन चुका मी मुद्दाम केल्या आहेत, म्हणजे कोणाला संशय येणार नाही. त्या करताना मला पेन तीनदा खाली ठेवावे लागले. तू त्या सुधारू नयेस; तसा धोका तुझ्याकडून कमी आहे, तरी सांगून ठेवतो.

ता. क. ३. पाकीट बंद करण्यापूर्वी नेझाचा फोन आला. विन्कोने आज सकाळी कोठारात एक काम माझ्या नावे लावले आहे: 'राणी की राणीमाशी, हे ह्रोवात यांनी ठरवावे. ही ओळ त्यांची आहे. दुसऱ्या कोणी हात लावू नये.' हे त्याने सर्वांसमोर लिहिले आहे. मी ते उघडून अल्बिनासमोर धरले. अल्बिनाने वाचले आणि म्हणाली, "बघा, किती मोठ्या मनाचा माणूस." तेव्हापासून त्याचा मोठेपणाही मला सलतो आहे. मी 'राणीमाशी' केले आणि पाठवले. विन्कोने दोन मिनिटांत मान्यता दिली आणि शेजारी लिहिले: 'पोळ्यात राणी म्हणजे माशीच असते, पण चालेल.'

ता. क. ४. बटण दाबले की आता माझे नाव येते, आणि त्याच्या शेजारी ते 'चालेल' येते. तेथे जुने काही पुसले जात नाही, हे वर लिहिलेच आहे. शिवाय त्याचे म्हणणे बरोबर आहे. ती शुद्ध पुनरुक्ती आहे, आणि पुनरुक्तीवर मी एकतीस वर्षे लाल शाई ओतली. म्हणून तक्रार अवश्य नोंदवावी. फक्त मजकूर उलटा करावा: 'माशी' हा शब्द जास्तीचा आहे, तो काढून टाकावा. तो काढायचे काम माझ्याकडेच येईल, आणि मग त्या ओळीत 'राणी वारली' हे बरोबर असेल व नावही माझेच असेल. उद्याच्या उद्या करावे, विन्कोच्या लक्षात येण्याआधी.