पंधराचा निळा फ्यूज

१२ नोव्हें., सोमवार
भिसे खिंडीत गाडी बंद. ह्यांचं डायलिसिस, पेणला आठला मशीन, आणि सव्वासातला आम्ही चढावर कडेला उभे. चावी फिरवली की इंजिन घुरघुरतं, पेट घेत नाही. हेच म्हणाले, "स्टेअरिंगखालचं झाकण काढ. फ्यूज बघ." चष्मा घरी. उजेडात धरून एकेक पाहिला. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा, पंधरा अँपिअरचा निळा, आतली पट्टी तुटलेली. झाकणात एक जादा होता तो दाबून बसवला. चालली! गाडी शिकून वर्ष झालं, आज पहिल्यांदा वाटलं की खरंच शिकले.

१४, बुध
वडखळच्या अलीकडे परत तेच. जादा फ्यूज नाही. हॉर्नचा निळा काढून पंपाला लावला. टिक्. तोही गेला. मागे ट्रक, त्याचा भोंगा, आणि वायपरचा फ्यूज माझ्या हातून दोनदा खाली पडला. ह्यांना उलटी झाली, मग मागच्या सीटवर आडवे झाले. वायपरचा लावला तो टिकला. का टिकला, देव जाणे. सेंटरला पोचलो तर चार तासांऐवजी दोनच तास मिळाले.

१५, गुरु
एकटीच नागोठण्याला रफिकभाईंच्या गॅरेजवर. दीड तास शोधलं.
"ताय, फ्यूज उगा जळत नाय. कुठंतरी तार पत्र्याला चावतेय. पन गावत नाय."
म्हटलं, मोठा घाला ना, तीसचा.
"नको. फ्यूज वाचंल, तार पेटंल. त्यांना घेऊन आगीत बसायचं हाय का?"
दहा निळे फ्यूज पुडीत बांधून दिले.

१६, शुक्र
खिंडीच्या पायथ्यालाच चार जळाले. एकामागून एक. टिक्, टिक्. रस्त्यात बसून रडले, लाज वाटली नाही. परत फिरलो, गाडी एका टेंपोला बांधून. डायलिसिस चुकलं. ह्यांचे पाय खांबासारखे झालेत, बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. दोन वाक्यं बोलले की दम. सेंटरला फोन केला, हातापाया पडले. उद्या दुपारी दोनला एक मशीन रिकामं.
उद्या पोचले नाही तर

१७, शनि
केलं. नको म्हटलेलं केलं. हिरवा, तीसचा, डब्यातल्या दुसऱ्या खाचेतून काढून पंपाला लावला. गाडी सुसाट. खिंड ओलांडली, मी मोठ्यांदा रामाचं नाव घेतलं, आणि ह्यांच्या सीटखालून धूर.
झाकण ओढून फ्यूज उपटला, ह्यांना खाली उतरवलं, चटई उचलली. सीट ज्या रुळावर सरकते त्याची कड तारेवर. तार चेपून उघडी पडलेली. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली आणि वर माणूस बसला की रूळ बरोब्बर तिथं दाबतो. म्हणून बुधवारी हे मागे झोपल्यावर फ्यूज टिकला होता!
म्हटलं, अहो, सापडलं! पाय पसरायला सीट मागे घेता ना, त्यानं होतंय हे.
हे माझ्याकडे बघेनात.
"म्हाईत हाय मला."
"कधीपासून?"
"सोमवारी चुकून झालं. सीट पुढं घेतली नि गाडी चालली, तवा कळलं. मग नाय चुकून."
मी चटई हातात धरून उभी.
"किती दिस ओढणार गो तू मला? पुरे झालं. मला पुरे झालं."
ह्यांच्या पिशवीतली पांढरी चिकटपट्टी काढली, सुई टोचल्यावर लावतात ती. तारेला गुंडाळली, सीट पुढे घेतली, निळा फ्यूज लावला. पेणला पोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते.

१८, रवि
रफिकभाईंनी तार बदलून नळीत घातली, रुळापासून लांब बांधली. "आता सीट कुठंबी सारा." आनंद व्हायला हवा होता.
ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, मी थकलेय असं तुम्हाला कधी म्हटलं का? मला न विचारता माझा थकवा मोजता? तुम्ही गेलात तर सोम, बुध, शुक्र मी करायचं काय? हे भाताशी खेळत राहिले. जेवले नाहीत. मीही नाही.
रागाखाली भीती आहे, एवढं मला कळतं. त्यांच्या रागाखालीही असेल.

१९, सोमवार
साडेसहा. गाडी अंगणात चालू करून ठेवलीय. पंपाची बारीक गुणगुण घरात येतेय. सेंटरचा फोन येऊन गेला, निघालात का. म्हटलं, निघतोय.
हे दारातल्या ओट्यावर बसलेले. एका पायात चप्पल, दुसरी पुढ्यात. सुजलेला पाय आत जात नाही. मी वाकले तर माझा हात बाजूला केला.
"थांब. माझं मी बघतो."
म्हणून आत येऊन हे लिहितेय. अजून बसलेलेच आहेत. चपलेकडे बघत.