पांढरे भोपळे

२ ऑक्टोबर
यंदा हॅलोवीन माझ्या पद्धतीने! पायऱ्यांवर सहा पांढरे भोपळे, गव्हाच्या ओंब्यांची एक जुडी, दारावर सुक्या पानांचं कडं. बस्स. एकतीस वर्षं लाईलने या अंगणाची जत्रा केली – धूर सोडणारं यंत्र, किंचाळणारं थडगं, सहा फुटी सांगाडा. सांगाड्याचं नाव हर्बर्ट. एप्रिलमध्ये लाईल घर सोडून गेला तेव्हा कपड्यांच्या दोन बॅगा नेल्या आणि हर्बर्टला. लग्नाच्या फोटोला हातही लावला नाही.

गेला कुठे, तर समोरच्या घरात, भाड्याने. नवऱ्याने सोडून जायचं तर निदान दुसऱ्या गल्लीत तरी जावं!

९ ऑक्टोबर
भोपळे मांडले. तीनदा हलवले.

१४ ऑक्टोबर
समोर हर्बर्ट उभा राहिला. अंगात लाईलचा हिरवा स्वेटर – मी विणलेला! मी काही पाहायला गेले नाही, शेजारच्या मार्लिसने सांगितलं. डावी बाही उसवली आहे.

२० ऑक्टोबर
मार्लिस नातीला घेऊन आली. "अगं आर्डिस, मासिकात छापावं असं दिसतंय!" नात टिली, वय वर्षं सहा, पायरीशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "आर्डिस आजी, तुमच्याकडे कोणी वारलंय का?" मार्लिसने तिला दंडाला धरून नेलं.

२६ ऑक्टोबर
दारावरच्या दिव्याच्या भगभगीत उजेडात पांढरे भोपळे पिवळे दिसतात. चार-पाच बटणं दाबून बघितली, तेव्हा दिवा बंद झाला. नुसत्या मेणबत्त्या लावून पाहिल्या – सुंदर! या दिव्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं, ते लाईलचं काम.

निघताना तो म्हणाला होता, "तुझ्या घरात न शोभणारं जे काही उरलंय, ते घेऊन जातो." मला वाटलं, हर्बर्टबद्दल बोलतोय.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळचे सात
दोनशे चॉकलेटं, मोठी, अख्खी. वेश करून खाऊ मागायला एकही पोर आलेलं नाही. समोर रांग लागलीय. दोन चेटकिणी आणि एक शार्क मासा माझ्या दिशेने निघाले, थबकले, परत फिरले. पोरांना सौंदर्यदृष्टी नसते, कबूल. पण एकही नाही? आणि हे सगळं लाईलला खिडकीतून दिसत असणार. तेच जास्त लागतंय.

१ नोव्हेंबर
काल आठ वाजता दार वाजलं. उघडलं तर लाईल! हातात पोरांसारखा, खाऊ मागायला उशीचा अभ्रा.

"अगं, दिवा!"

"कसला दिवा?"

"दारावरचा दिवा बंद म्हणजे इथे खाऊ नाही. तीन वर्षांच्या पोरालाही कळतं, आर्डिस! तासभर सांगतोय सगळ्यांना, ती घरात आहे, जा. कोणी ऐकेल तर शपथ."

एकतीस वर्षं या गल्लीत राहते, आणि मला हे सुचलं नाही. मी बटण शोधायला लागले. त्याने दारातूनच हात आत घातला आणि न बघता दाबलं.

मग भोपळ्यांकडे बघून म्हणाला, "छान झालंय. खरंच. जरा शांत आहे, एवढंच."

"फार शांत आहे," मी म्हटलं.

अभ्र्यात सहा चॉकलेटं टाकली. आत ये म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "स्वेटर उसवलाय."

"माहितीय," म्हणाला, आणि गेला. मूर्ख बाई मी.

२ नोव्हेंबर
सण संपला. गल्लीतले दिवे बंद. माझा चार वाजल्यापासून चालू आहे. हिरवी लोकर काढून ठेवलीय.

साडेपाच. हर्बर्ट रस्ता ओलांडून येतोय, लाईलच्या खांद्यावर. भोपळे सरकवायला हवेत.