साहेबाची बाटली

१२ एप्रिल

नाल्याचं पाणी आज जांभळं. काल हिरवं होतं. कारखान्यात परदेशात पाठवायचं कापड रंगवतात, उरलेला रंग आमच्याकडे. नेसतील तिकडच्या बाया!

नाल्यात रंग सोडणं बंद करा म्हणून आम्ही गावच्या बाया कारखान्याच्या गेटवर बसून आहो. वॉचमन गुलाबसिंग म्हणे, आजी, घरी जा, ऊन लागंल. म्हटलं, तुले लागत नाई काय?

मी लग्न होऊन आली तेव्हा उन्हाळ्यात नाल्याच्या रेतीत झिरा उकरायचो. हातभर खड्डा, की पाणी. सासू काठावर बसून राहे. वरचं निवळ पाणी पावण्याच्या घागरीत, खालचं आपलं. जन्मात माझ्याशी गोड बोलली नाई, पण त्या पाण्याले तोड नव्हती.

१४ एप्रिल

जयंती. सारे निळे होऊन आले. पहिले नाल्यावर जाऊन आंघोळ करायचो. आता तोंड धुवायलेही कारखान्याच्या कॅनचं पाणी. घरोघरी फुकट देतात – शुद्ध म्हणे. आम्ही बोंबलू नये म्हणून.

१९ एप्रिल

उद्या यवतमाळहून सरकारी साहेब येते, नाल्याचं पाणी तपासायले. खराब निघालं तर कारखान्याचा पाइप बंद. नाई निघालं तर नाला गेला समजा.

२० एप्रिल

साहेब गाडीतून उतरलाच नाई. ऊन होतं ना! माझी सून शीला समोर दिसली, तिच्या हाती बाटली देली. पाणी भरून आणा म्हणे. तिनं आणलं, त्यानं झाकण लावून चिठ्ठी चिकटवली, गेला.

शीलानं कॅनमधून भरलं होतं!

सारं गाव तिच्यावर तुटून पडलं. मीही सोडलं नाई. ती एवढंच बोलली, "आत्याबाई, उन्हाचा आलेला माणूस. मले वाटलं रस्त्यात प्यायले मागते. त्याले नाल्याचं कसं देऊ?"

माझी सासू असती तर तिनं शीलाले शाबासकी देली असती. दोघी सारख्याच येड्या.

२१ एप्रिल

शीला जेवली नाई. मी बोलावलंही नाई.

२ मे

नातू धम्मदीपचा यवतमाळहून फोन. निकाल आला. बाटलीतलं पाणी पिण्याजोगं नाई, रंगातलं विष आहे त्यात. बाहेर लोक नाचून राह्यले, जिंकलो म्हणून.

शीलानं आपल्या पोरीच्या, मैत्रेयीच्या हातातला कॅनच्या पाण्याचा गिलास काढून घेतला. पोरगी अर्धा पिली होती.