सोळाव्या अध्यायाची नववी ओळ

ता. ४ मार्च

प्रिय पाळकसाहेबांस, सप्रेम सलाम वि. वि.

एरवी तुला ढब्या लिहिते, आज लिहवत नाही. चर्चमधलं तुझं जाडजूड बायबल बांधणीसाठी पोचलं. शिवण पार उसवली आहे, आठवडा लागेल.

दुसरं पार्सल काल दुपारी पोचलं. आपली धाकटी. खांद्याला एक पिशवी आणि डावं मनगट प्लास्टरमध्ये. मी पुठ्ठ्यांसाठी खळ ढवळत होते, ती तशीच राहिली आणि तिच्या गाठी झाल्या. नवऱ्याने हात पिरगळला, एवढं सांगायला तिला तासभर लागला.

पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पुढचं ऐकून. तीन आठवड्यांपूर्वी ती घर सोडून आधी तुझ्याकडे आली होती म्हणे. तू तिला चहा दिलास आणि हागारेची गोष्ट सांगितलीस. मालकिणीच्या जाचाला कंटाळून दासी पळाली, तर देवदूत तिला म्हणाला की परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. मग तूच तिला रिक्षात बसवून दिलंस. ती गेली, आणि हे घेऊन आली. अरे, सख्खा भाऊ ना तू?

उत्तर टपालाने दे. फोनवर मी काय बोलेन याचा भरवसा नाही.

लोभ आहे, म्हणूनच इतकी चिडले आहे.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस, प्रभूमध्ये सलाम वि. वि.

तुझा राग समजू शकतो. पण ते वचन मी लिहिलेले नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातली, सोळाव्या अध्यायाची ती नववी ओळ मलाही कठीण जाते, म्हणून काय ती खोडून टाकू? दूताच्या आज्ञेपाठोपाठ मोठे आशीर्वचन येते, तेही वाच. दुःखातून जाणाऱ्यालाच ते मिळते, एवढाच माझा अर्थ होता. तू पुस्तके शिवतेस ताई, मला ती वाचून लोकांना समजावून सांगावी लागतात.

धाकटीचे यजमान, आपले हेडमास्तर, परवा माझ्यासमोर ढसाढसा रडले. ती जिन्यावरून पडली असे त्यांचे म्हणणे आहे. नवराबायकोत काय घडले, मला ठाऊक नाही. मी न्यायाधीश नाही. चर्चच्या कमिटीचे ते चिटणीस आहेत, शाळेत त्यांना मान आहे. जरा सबुरीने घे. त्यांनी तुझा पत्ता विचारला, मी दिला. खोटे कसे बोलू?

बायबल रविवारच्या आत मिळाले तर बरे.

तुझ्या मायेला पारखा करू नकोस.

तुझा भाऊ


ता. १३ मार्च

पाळकसाहेबांस, सलाम.

तुझे हेडमास्तर काल येऊन गेले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती म्हणून गोडीत सुरुवात केली. मी दारातून हलले नाही तेव्हा खरा आवाज निघाला. धाकटी आतल्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यामागे बसून होती, चाळीस वर्षांची बाई! पत्ता तू दिलास. खोटं बोलवत नव्हतं तर गप्प बसता येत होतं की.

हो, मी पुस्तकं शिवते. तीस वर्षं शिवतेय, त्यामुळे वाचणाऱ्याचं बोट कुठे थांबतं ते मला पानावरून कळतं. तुझ्या पुस्तकात सोळावा अध्याय मळून काळा झालाय, नवव्या ओळीखाली लाल पेन्सिल दोनदा ओढली आहेस. एकविसावा मात्र कोरा करकरीत. त्यात तीच हागार पुन्हा रानात आहे, पाणी संपलंय, पोर मरायला टेकलंय. तेव्हा देव तिला विहीर दाखवतो. परत जा म्हणत नाही. हा अध्याय तुला कधी लागला नाही का रे?

आता खरं सांगते. त्या नवव्या ओळीचं उत्तर माझ्याकडेही नाही. देवाने असं का सांगावं म्हणून मी त्याच्यावरही चिडले आहे. जेवणाआधी बाबा अध्याय वाचून घ्यायचे तेव्हा अशी ओळ आली की पान उलटू द्यायचे नाहीत, आणि अर्थही सांगायचे नाहीत. कळत नसेल तर कळत नाही म्हणा, म्हणायचे. अवघड वचन आपण पेलायचं असतं, ढब्या. दुसऱ्याच्या पाठीवर लादून उंटावरून शेळ्या हाकायच्या नसतात.

बायबल सोबत पाठवतेय. बांधणी पक्की आहे. माझ्या मायेचं मात्र आत्ताच सांगता येत नाही.

ताई


ता. १८ मार्च

ती. दादास, सलाम वि. वि.

तुम्हा दोघांची पत्रं मी वाचली. ताई माझ्यासाठी भांडते, तिचे उपकार फिटणार नाहीत. पण तुम्ही हागारेवरून हातघाईवर आलात आणि मला कुणी काही विचारलंच नाही. मी कुणाची दासी नाही दादा. एकवीस वर्षं नर्सची नोकरी केली आहे, मोडलेलं हाड मला कळतं, आणि ते कसं मोडलं तेही.

सोमवारी मी एकटीच चौकीत गेले आणि तक्रार दिली. ह्यांनाही बोलावलं होतं. ह्यांनी तिथे शांतपणे सांगितलं की हिला पूर्वी कधी काही झालेलं नाही, आमच्या पाळकांना विचारा, हिचा सख्खा भाऊ आहे. साक्षीदार म्हणून तुझं नाव ह्यांनी दिलंय! मला तिथे हसूच फुटलं, इन्स्पेक्टरबाई बघतच राहिल्या. त्यांना आता तुझा लेखी जबाब हवा आहे.

त्या दिवशी तुझ्या खोलीत मी बाही वर केली होती. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, काळेनिळे. तू पाहिलंस, मान खाली घातलीस आणि बायबल उघडलंस. हे मी ताईलाही सांगितलं नव्हतं. तुझी लाज राखली.

ती गोष्ट मी काल स्वतः शेवटपर्यंत वाचली. हागार देवाला म्हणते, तू मला पाहणारा आहेस. एवढं एकच मला त्यातलं कळलं. बाकीचा अर्थ तू आयुष्यभर लावत बस, मी आड येणार नाही.

देवाने काय पाहिलं ते देव सांगेल. तू काय पाहिलंस ते तू लिहून दे.

धाकटी