धुक्यातले पाहुणे

प्रिय मासानोबु,

तुझं पत्र येऊन महिना होत आला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू फुगून बसला असशील. बैस. तुझं फुगणं मी तुझ्या दुधाच्या दातांपासून बघत आलेय. बँकेतली चांगली नोकरी सोडून मिनोरी माझ्याकडे तातेयामा डोंगरावर आली, हे तुला अजून पचलेलं नाही. "पितरांच्या सणाला, ओबोनच्या सुट्टीत येतो आणि पोरीला नागोयाला परत नेतो. ताई, तू मध्ये पडू नकोस," असं लिहिलंस. मध्ये कशी पडू नको? ती माझी भाची आहे, आणि बाबांनी उभं केलेलं हे लॉज माझ्यामागे सांभाळायला दुसरं कुणी नाही. भाताची मोठी पातेली आता मला उचलवत नाहीत. ओबोन तोंडावर आलाय, तेव्हा त्याआधी गेल्या रविवारची हकीकत नीट वाच.

त्या दिवशी धुकं असं दाटलेलं की पायरीवर काढलेले आपलेच बूट सापडेनात. पहिल्या बसने प्रवाशांची एक टोळी आली. त्यांत ओसाकाच्या एक बाई होत्या, तोंडाच्या फार फटकळ. काचेला नाक लावून म्हणाल्या, "डोंगर कुठेय? नुसती वाफच बघायची होती, तर घरी भाताचं झाकण उघडून बघितली असती की!" सगळे हसले. मला धडकी भरली. लहानपणी कुणी जरा आवाज चढवला की मिनोरी तुझ्या पाठीमागे लपायची, ते मी विसरलेले नाही. पण पोरगी हसतच म्हणाली, "काकू, डोंगर दिसतो तेव्हा गरुडालाही सगळं दिसतं. म्हणून राइचो पक्षीण पिल्लांना घेऊन दडून बसते. आज गरुड आंधळा झालाय. आज तिचा फिरायला निघायचा दिवस. चला, पण तोंडाला कुलूप लावून." आणि काकूंनी खरंच कुलूप लावलं! मी इतक्या वर्षांत एवढ्या प्रवाशांना चहा पाजला, पण ओसाकाच्या बाईला गप्प करणं मला कधी जमलं नाही.

मी एरवी चूल सोडून बाहेर पडत नाही, त्या दिवशी मात्र शाल गुंडाळून मागोमाग गेले. का गेले ते शेवटी सांगते. पायवाटेच्या दोरीलगत मिनोरीने सगळ्यांना खडकांवर बसवलं. बराच वेळ काहीच झालं नाही, तरी तिचा चेहरा तसाच शांत. मग बुटक्या पाइनच्या झुडपांतून घशातल्या घशात कुकु आवाज आला, आणि राइचो बाहेर पडली. तीच आपली गुबगुबीत, ठिपक्याठिपक्यांची, पायांत पिसांचे मोजे घातलेली. मागे पिल्लं, कापसाच्या बोंडाएवढी. माणसांची त्यांना काही पडलेलीच नव्हती. आपल्या टोळीत राखाडी रेनकोटातले एक गृहस्थ होते. मास्क नाकावर, टोपी भुवयांवर, सकाळपासून कुणाशी अवाक्षर नाही. एक पिल्लू थेट त्यांच्या बुटावर चढलं आणि तिथेच बसलं. ते गृहस्थ जरा हलले, तशी मिनोरी अगदी हळू म्हणाली, "साहेब, गुडघा दुखत असेल, पण पाय हलवू नका. आई येईपर्यंत कळ काढा." त्यांनी काढली. राइचोने हाका मारल्या, पिल्लू उतरलं, तिच्या पंखाखाली शिरलं आणि सगळं कुटुंब धुक्यात दिसेनासं झालं. ओसाकाच्या काकूंचे डोळे भरून आले होते. "कुणाची गं ही लेक?" असं त्या मला विचारत होत्या. माझा ऊर असा भरून आला की ओरडून सांगावंसं वाटलं, आमची, आमची आहे ती!

ओरडले नाही, कारण मासानोबु, ते राखाडी गृहस्थ कोण हे मला माहीत होतं. निघण्याआधी लॉजवर भिंतीकडे तोंड करून भाताचा गोळा खाल्लास आणि आतल्या खारवलेल्या उमे फळाची बी डाव्या गालात ठेवून दिलीस. डोंगर चढताना तहान लागू नये म्हणून आईने शिकवलेलं. मास्क लावलास तरी गाल फुगलेला तो फुगलेलाच. म्हणून मी मागोमाग आले. संध्याकाळी वाट्या धुताना मी मिनोरीला म्हटलं, त्या माणसाचा गुडघा दुखतो हे तुला गं कसं कळलं? वाटी पुसता पुसता म्हणाली, "आत्या, बसमधून उतरले तेव्हाच ओळखलं मी बाबांना. हाक मारली असती तर बुजले असते. म्हटलं, बसू देत जरा जवळ." इतकंच बोलली आणि उद्याचे तांदूळ निवडायला लागली. अशी लेक आहे तुझी. ओबोनला ये, पण तिला न्यायला नको, तिच्या हातचं खायला ये. लॉजच्या किल्ल्या मी तिच्या कमरेला लावल्यात, दार तीच उघडेल. मास्क घरी ठेव. आणि बुजू नकोस.

तुझीच,
तोमिए ताई