टमरेलाचं मागचं चाक

प्रिय भिंगरी,

आपली जुनी जीप, आपलं टमरेल, सुरू झालं. परवा सकाळी, चहाच्या वेळेला. आधी नुसतं खोकलं, मग शिंकलं, आणि मग काळ्या धुराचा एक लोट सोडून असं काही धडधडायला लागलं की तुझी आई पळी हातात घेऊनच बाहेर आली. मला वाटलं शाबासकी मिळेल. तर म्हणाली, "वाळत घातलेल्या चादरी आता तुम्ही धुणार का?" पण आत जाताना बोनेटवर हळूच दोन थापा मारून गेली. तिला वाटतं मला दिसलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची आशा सोडायला सांगितली असली, तरी उजवा अजून बायकोपुरता शाबूत आहे.

गेल्या सुट्टीत तुम्ही आला होतात, तेव्हा माझ्या नातीने पत्र्याच्या शेडमधली ताडपत्री उचलून विचारलं होतं, "आजोबा, ही जीप चालते?" मी म्हटलं, हिला रस्ता लागत नाही, चारही चाकांना जोर आहे, नाल्यातून, डोंगरावरून कुठूनही जायची. मग ती तुझ्याकडे वळली. "आई, तू का नाही गं गाडी चालवत?" तू हसत म्हणालीस, "माझा पाय चुकतो गं." तू हसलीस म्हणून सगळे हसले. मी मात्र ताडपत्री परत ओढून घेतली. तुम्ही बसने गेलात आणि त्याच संध्याकाळी मी पान्यांची पेटी खाली काढली. म्हटलं, निदान पोरीच्या पोरीला तरी तळ्यावर फिरवून आणू. कोण चालवणार, हा विचार तेव्हा केला नव्हता. खरं तर केला होता, पण त्याला पुढे येऊ दिलं नाही.

सात महिने लागले. माझी कामाची पद्धत तुला ठाऊकच आहे. काढलेला प्रत्येक नट डब्यात, आणि डब्यावर चिठ्ठी नाही, तर शिवलेली पट्टी. लिहिलेलं पुसतं, शिवलेलं राहतं. घरातला एकेक डबा असा गेला. एकदा आईने डाळ म्हणून जो डबा उघडला, त्यात दारांचे स्क्रू निघाले. चार दिवस मी त्यावर ऐकून घेत होतो. सांगाडा घासून प्रायमर मारला, कुजलेला पत्रा कापून नवा बसवला. टप मी स्वतः शिवला, जाड कापडाचा, दुहेरी टाक्यांचा. चाळीस वर्षं जगाच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या आणि आपल्या जीपमध्ये मात्र फाटक्या स्पंजवर जुनी चादर टाकून तुम्हाला बसवलं. आता नीट शिवल्या आहेत, गडद हिरव्या. इंजिनाला कोपऱ्यावरचा म्हातारा फिटर येत होता. आल्या आल्या पहिलं वाक्य, "सीटवाले, तुम्ही वरचं बघा. खालचं माझ्यावर सोडा." मी म्हणायचो, बाबा रे, गॅरेजात सीट शिवता शिवता वाकून वाकून सगळं शिकलोय मी. तो म्हणायचा, "तीच तर भीती आहे."

आठवतं का, सुट्टीच्या दिवशी आपण निघायचो तेव्हा तू मागे बसायचीच नाहीस? आईच्या मांडीवर उभी राहून गिअरच्या दांड्यावर माझ्या हातावर हात ठेवायचीस. पुढे मोठी झालीस आणि मीच तुला शिकवलं, नदीकाठच्या मोकळ्या मैदानात, गिअरच्या आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या, अशा दोन्ही दांड्यांसकट. तीन दिवसांत शिकलीस. चढावर थांबून, गाडी तसूभर मागे न जाऊ देता पुढे काढायचीस. ते मलाही कधी नीट जमलं नाही. मी हे चारचौघांत सांगायचो. त्या दिवसानंतर सांगायचं बंद केलं.

त्या दिवसाबद्दल या घरात बावीस वर्षं कोणी बोललेलं नाही. आज मी बोलतो. मला एका गाडीच्या सीटा संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या, म्हणून आईला तळ्यावर घेऊन जा असं तुला मीच सांगितलं. दगडी पुलाच्या उतारावर गाडी कठड्यावर गेली. पुढचं चाक मोडलं, आणि आईचा गुडघा समोरच्या पत्र्यावर आपटला. मी धावत आलो तेव्हा तू रस्त्यावर उभी होतीस, एक चप्पल कुठेतरी गेलेली, आणि एवढंच म्हणत होतीस, "बाबा, ब्रेक लागला नाही. मी दाबला होता. लागला नाही." भोवती पंधरा-वीस माणसं. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ब्रेक कालच मी बघितलाय. घाबरून पाय क्लचवर पडला असेल तुझा." तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि हरवलेली चप्पल शोधायला लागलीस. पुढे आईला लंगडताना पाहून तू स्वतःच म्हणायला लागलीस, की हो, पायच चुकला असेल. स्टिअरिंगला परत हात लावला नाहीस. जावईबापूंनी दोनदा शिकवणी लावून दिली, दोन्ही वेळा तू पहिल्याच दिवशी परत आलीस. हे त्यांनीच मला सांगितलं, तुझ्या नकळत.

तर तीन आठवड्यांपूर्वी फिटर आला नव्हता आणि मी मागचं डावं चाक उघडलं. हे चाक, ज्याला त्या दिवशी ओरखडासुद्धा आला नव्हता. ब्रेकच्या पाइपाचा नट सोडवायला गेलो तर पान्याला काहीतरी मऊ लागलं. रॉकेलने पुसलं. नटाच्या आट्यांत दोरा गुंडाळलेला होता. मेण लावलेला, तपकिरी, चामडं शिवायचा. शेवटी माझी गाठ. ती गाठ अख्ख्या गावात कोणी मारत नाही, मी डाव्या हाताने मारतो. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तिथे ओल दिसली होती म्हणून मी नळाला गुंडाळतात तसा दोरा गुंडाळून नट आवळला होता, आणि ओल थांबली म्हणून खूश झालो होतो. फिटर दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याला दोरा दाखवला. त्याने तो उजेडात धरला. मग म्हणाला, "नळाला चालतं हे, सीटवाले. ब्रेकला नाही. दोऱ्यामुळे नट पुरता बसलाच नाही. दोन-चारदा जोरात दाबला असेल तेवढ्यात चारही चाकांचं तेल बाहेर. मग पॅडल खाली, आणि हातात काही नाही."

आता जे लिहितो ते नीट वाच. तो दोरा मला पुलावर आठवलाच नव्हता असं लिहिलं, तर हे पत्र फाडून टाकायच्या लायकीचं होईल. आठवला होता. क्षणभरच, तू "लागला नाही" म्हणालीस तेव्हा. म्हणूनच मी इतक्या मोठ्याने बोललो. मग मोडकी गाडी ओढून आणली, ताडपत्रीखाली ढकलली आणि कोणालाही उघडू दिली नाही, भंगारवाल्यालाही नाही. लोकांना वाटलं माझा जीव आहे तिच्यावर.

फिटर गेल्यावर त्याच दुपारी मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. चिडेल, रडेल, म्हटलं आज जे होईल ते होवो. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगताय? माझा नुसता गुडघा गेला. पोरीचा पाय गेला. तिला सांगा." फोन मी दोनदा उचललाही. पण तू "जाऊ द्या ना बाबा, जुनं झालं" म्हणून मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस, आणि मीही मोठ्या सुखाने ते जाऊ दिलं असतं. म्हणून तीन आठवडे लागले तरी कागदावर लिहिलं. भिंगरी, तुझा पाय चुकला नव्हता. तू ब्रेकच दाबला होतास. हात माझा चुकला होता, आणि त्याहून जास्त तोंड. हे मी जावईबापूंना आणि नातीलाही सांगणार आहे, तुझ्यासमोर. लिफाफ्यात तो दोरा ठेवलाय, गाठीसकट, म्हणजे म्हाताऱ्याने माया म्हणून काहीतरी रचलं असं तुला वाटायला नको. ब्रेकचे सगळे पाइप फिटरने नवे टाकले, मला जवळ फिरकू दिलं नाही. चालवायची सीट मी तुझ्या उंचीला खालच्या पट्टीवर दोन भोकं पुढे घेऊन बसवली आहे. तू बसलीस तर बस. नाही बसलीस तरी ती तिथेच राहील, दुसऱ्या कोणासाठी मागे सरकणार नाही. आई म्हणते, पुढे तुझ्या शेजारी ती बसणार, तीच जुनी जागा. मी मागे, नातीजवळ. आणि वाटेत एक अक्षर बोलायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

तुझी वाट बघत, मागच्या सीटवरून,
तुझाच
बाबा