ताईची मुलाखत

४ ऑक्टोबर
बाईंनी आज माझी प्रश्नावली टेबलावरून परत सरकवली. ‘हे काय, जनगणना करायची आहे का तुला?’ प्रबंधाचा विषय माझा – घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारी माणसं. प्रश्न माझे – ‘थकवा येतो का? नेहमी / कधीकधी / नाही.’ इतके घासूनपुसून केलेले! मुलाखतीची पद्धत ठरल्याशिवाय पुढची पायरी नाही म्हणाल्या. आधी एका माणसावर करून बघ.

एक माणूस कुठून आणू? मग आठवलं, ताई आहेच की. काखेत कळसा!

७ ऑक्टोबर
प्रश्नावली ताईकडून भरून आणली. थकवा? ‘कधीकधी.’ चिडचिड? ‘नाही गं.’ हे सांगताना बाबांचा सदरा पिळत होती. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली; हट्ट तेवढा शाबूत. घास फक्त ताईच्या हातचा. कामाला ठेवलेल्या दोन बायका त्यांनी अंगावर थुंकून पळवल्या. आता या तिसऱ्या मावशी दुपारच्या येतात, त्याही टिकतील असं वाटत नाही.

मी आठवड्यातून एकदा फळं घेऊन जाते, ‘कशी आहेस’ विचारते, ती ‘बरी आहे’ म्हणते. म्हणजे वर्षानुवर्षं मी तिची प्रश्नावलीच भरून घेते आहे.

९ ऑक्टोबर
गटमुलाखत बाद. चार बायका एकत्र बसवल्या की चौघी आपापलं कौतुक सांगणार. बाई म्हणाल्या, ‘एकच प्रश्न विचार. मग तोंड बंद. जमेल?’

तोंड बंद – आणि मी!

१४ ऑक्टोबर
जमलं. ताईच्याच स्वयंपाकघरात बसलो. मुलाखत समोरच्याच्या सोयीच्या जागी घ्यावी, असा नियम आहे. मावशी यायच्या होत्या अजून. फोन रेकॉर्डिंगला लावला, म्हटलं, ‘कालचा दिवस सांग.’ आणि गप्प बसले.

आधी नुसतं दूध, कपडे, औषधं. मग थांबेचना. ‘मावशींच्या हातून चार घास खाल्ले तर मी जरा बाहेर जाईन गं. काही करायचं नाहीये मला. नुसतं एका बाकावर बसायचंय.’ आणि शेवटी – ‘कधी वाटतं, सुटावेत एकदाचे. ते सुटावेत की मी, तेही कळत नाही.’

मला रडू आलं. आणि रडता रडता मनात – काय मुलाखत मिळाली! शी! अशी बहीण वैऱ्यालाही मिळू नये.

१६ ऑक्टोबर
बाई भलत्याच खूश. ‘सापडली पद्धत!’ लाज वाटली. पण मान खाली घालून हसलेसुद्धा.

१८ ऑक्टोबर
ताईचा फोन. बाबांनी मावशींच्या हातून खाल्लं! निमूट, अख्खी वाटी. कालही आणि आजही. ‘सूर्य कुठून उगवला कोण जाणे,’ म्हणाली. बागेत जाऊन बसली होती. आवाजच वेगळा होता तिचा. मीही खुशीत होते.

२० ऑक्टोबर
रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढत होते. मागे बाबांच्या खोलीतला रेडिओ ऐकू येतो. बातम्या. ताई ‘मावशींच्या हातून’ म्हणते, आणि बातम्या मध्येच बंद! पुन्हा पुन्हा ऐकलं. ताई क्षणभर थांबते, मग पुढे बोलते.

घरात आम्ही तिघंच. रेडिओ बाबांच्या उशाशी, डाव्या हाताजवळ.

म्हणजे ते ऐकत होते. आणि ‘सुटावेत एकदाचे’ त्याच्या पुढे आहे.

सोयीची जागा म्हणे! पोटच्या पोरीच्या तोंडून हे ऐकलं त्यांनी, आणि मुकाट जेवायला लागले. आणि आम्ही खूश! मी केलं हे. माझ्या पद्धतीपायी.

२१ ऑक्टोबर
ताईकडे गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. कोणत्या तोंडानं बाबांसमोर उभी राहू?

२४ ऑक्टोबर
मुलाखत प्रबंधातून काढून टाकली. बाबांच्या कानातून कशी काढू?

ताईला सांगितलं तर ती कोसळेल. नाही सांगितलं तर हे पाप एकटीनं गिळायचं.

२८ ऑक्टोबर
सांगितलं. ताई भांडी विसळत होती. हात थांबले नाहीत तिचे. ‘रेडिओ बंद झाला तेव्हाच कळलं मला,’ म्हणाली. ‘म्हणून तर पुढचं जरा मोठ्यानं बोलले.’